गोळी पायांसाठी, मग गुंगी डोक्यात का?

पत्राचा सारांश: एका वाचक भगिनींच्या यजमानांना दोन वर्षांपूर्वी अपघातात मज्जारज्जूची दुखापत झाली. पायांत थोडी हालचाल उरली आहे, पण पाय ताठ होतात आणि रात्री उबळ येऊन गुडघे पोटाशी ओढले जातात. त्यासाठी बॅक्लोफेन सुरू आहे. दिवसाला 40 मिलिग्रॅम चालू होतं, चार महिन्यांपूर्वी ते 60 झालं: सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री नऊला 20-20. उबळ खूप कमी झाली. यजमान गणिताचे शिक्षक आहेत आणि दुपारी चारला घरीच मुलांना शिकवतात. हल्ली गणित सोडवताना मधेच थांबतात, पुढची पायरी सुचत नाही. पूर्वी वॉकर धरून उभे राहायचे, आता गुडघे मोडतात. 'स्नायूंचं औषध म्हणून मला मेंदूचं औषध देताहेत,' असं म्हणून महिन्यापूर्वी त्यांनी गोळ्या एकदम बंद केल्या. तिसऱ्या रात्री त्यांना खोलीत माणसं उभी दिसू लागली, अंग थरथरू लागलं, पाय लाकडासारखे झाले. बाईंनी समजूत घालून गोळी दिली आणि दोन दिवसांत सगळं निवळलं. डॉक्टरांना हे अजून सांगितलेलं नाही. धाकटे दीर म्हणतात, औषधानेच दादाचं डोकं बिघडलं, बंद करा. यजमान रोज टाळाटाळ करतात. बाईंचा प्रश्न: गोळी कुटून, न सांगता जेवणात मिसळून दिली तर चालेल का?

ताई,

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. न सांगता देऊ नका. का, ते पुढे लिहितेच. पण त्याआधी एक काम आजच करा. त्या तिसऱ्या रात्री जे घडलं ते डॉक्टरांना फोन करून सांगा. 'आता निवळलंय, कशाला सांगायचं' असं वाटणं साहजिक आहे. तरी सांगा, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्या माहितीवर अवलंबून आहे.

तुमचे यजमान म्हणतात की हे मेंदूचं औषध आहे. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते त्यांना कोणीतरी मोकळेपणाने सांगायला हवं होतं. बॅक्लोफेन स्नायूला हातही लावत नाही. त्याचं सगळं काम मज्जारज्जूत आणि मेंदूत, म्हणजे स्नायूला हुकूम जिथून सुटतात तिथे चालतं. 1962 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीत हाइनरिश केबर्ले या रसायनशास्त्रज्ञाने ते पहिल्यांदा तयार केलं, तेव्हा हेतू अपस्माराचा, म्हणजे फिट्सचा होता. मेंदूत 'गाबा' नावाचं एक रसायन असतं, ते चेतापेशींना शांत ठेवतं. पण गाबा तोंडाने घेतलं तर रक्तातून मेंदूत नीट शिरत नाही. म्हणून त्याच्या रेणूला एक क्लोरीनयुक्त वलय जोडलं, तेच बॅक्लोफेन. फिट्सवर त्याचा फारसा उपयोग झाला नाही, पण ताठर झालेले हातपाय सैल पडतात हे लक्षात आलं. 'स्नायू सैल करणारी गोळी' हे नाव त्या परिणामावरून पडलं. मूळ औषध मेंदूपर्यंत पोहोचावं म्हणूनच बनवलेलं आहे.

आता पायांचं बघू, म्हणजे डोक्याचंही समजेल.

स्नायू ताणला गेला की त्याची खबर देणारा चेतातंतू मज्जारज्जूत जातो आणि तिथल्या चालक पेशीला इशारा देतो, 'आवळ.' हे प्रत्येकाच्या शरीरात सतत चालू असतं. निरोगी माणसात मेंदूकडून येणारे हुकूम या प्रतिक्रियेला लगाम घालतात. मज्जारज्जूला इजा झाली की वरून येणारा लगाम सुटतो आणि खालची यंत्रणा आपल्याच जोरावर धावू लागते. पांघरूण पायावरून सरकलं एवढ्या कारणाने पाय झटकन आखडतो. खुर्चीच्या पायठेवणीवर चवडा टेकला की पाऊल थडथड उडायला लागतं, आणि मांडी वरून दाबून धरल्याशिवाय थांबत नाही. तुम्ही हे रोज बघत असाल.

बॅक्लोफेन या जागी दोन गोष्टी करतं. खबर घेऊन आलेल्या तंतूच्या टोकाला 'गाबा-बी' नावाचे रिसेप्टर, म्हणजे गाबाचा निरोप पकडणाऱ्या जागा, असतात. औषध त्यांना चिकटलं की त्या टोकात शिरणारं कॅल्शियम कमी होतं. कॅल्शियम शिरल्याशिवाय ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन बाहेर सुटत नाही. म्हणजे इशारा टोकापर्यंत येतो, पण पलीकडे फार थोडा पोहोचतो. दुसरी गोष्ट समोरच्या पेशीत घडते. तिथले गाबा-बी रिसेप्टर पोटॅशियमची दारं उघडतात, पोटॅशियमचे धनभारित कण बाहेर पडतात, पेशी आतून जास्त ऋणभारित होते आणि तिला चेतवायला आधीपेक्षा जोराचा इशारा लागतो. बोलणाराही हळू बोलतो आणि ऐकणाऱ्यालाही कमी ऐकू येतं. हा रिसेप्टर ओळखायला औषध तयार झाल्यावर जवळजवळ वीस वर्षं लागली. 1980 च्या सुमारास नॉर्मन बावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये तो दाखवून दिला.

आणि हेच गाबा-बी रिसेप्टर मेंदूत सगळीकडे आहेत. जाग-झोपेवर आणि लक्षावर ज्याचा ताबा असतो त्या थॅलॅमसमध्ये, स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पसमध्ये, तोल सांभाळणाऱ्या अनुमस्तिष्कात, आणि विचार करणाऱ्या बाहेरच्या थरातही. गोळी पोटातून रक्तात गेली की तिला 'फक्त कमरेखालच्या चेतापेशींकडे जा' असं सांगता येत नाही. पायाची उबळ ज्या क्रियेने कमी होते, त्याच क्रियेने गणिताची पुढची पायरी हातातून निसटते. त्यांचा मेंदू झिजतोय असा याचा अर्थ नाही. या औषधाने चेतापेशी मरत नाहीत, त्यांच्यातली देवाणघेवाण मंदावते. डोस कमी केला की हा मंदपणा सहसा ओसरतो. हे त्यांना जरूर सांगा. शिक्षकाला आपली बुद्धी जातेय असं वाटणं फार क्लेशदायक असतं, आणि मला वाटतं गोळी टाळण्यामागे हट्टापेक्षा ही भीतीच जास्त आहे.

तिसऱ्या रात्रीबद्दल तुमच्या दिरांनी काढलेला अर्थ नेमका उलटा आहे. महिनोन्‌महिने बाहेरून शांततेचा रेटा मिळाला की मज्जासंस्था त्याच्याशी जुळवून घेते. रिसेप्टर हळूहळू दाद देईनासे होतात, उत्तेजक बाजू तेवढ्याच प्रमाणात चढती राहते. अशात गोळी एकदम बंद केली की रेटा जातो आणि चढलेली बाजू उघडी पडते. मग नसलेली माणसं दिसणं, गोंधळ, थरकाप, ताप, पूर्वीपेक्षा कडक ताठरपणा, आणि कधी फिट, असं सगळं एक ते तीन दिवसांत उद्भवू शकतं. क्वचित हे जिवावरही बेततं. तुम्ही वर्णन केलेलं चित्र या साच्यात बसतं आणि गोळी दिल्यावर ते निवळलं हेही त्याला धरूनच आहे. तरी डॉक्टरांनी तपासायला हवं, कारण अशा रुग्णात लघवीचा संसर्ग किंवा ताप यांनीही भ्रम होऊ शकतो. पण 'औषधाने डोकं बिघडलं म्हणून औषध बंद करा' हा सल्ला मानला, तर तीच रात्र पुन्हा येईल, कदाचित अधिक वाईट. दिरांना भावाची काळजी आहे, म्हणून ते तसं बोलतात. त्यांना सरळ सांगा की दादांना भास झाले ते गोळी घेतल्यामुळे नव्हे, एकदम सोडल्यामुळे झाले. शक्य असेल तर पुढच्या भेटीला त्यांनाही बरोबर न्या.

बंद करायचंच ठरलं तरी ते पायरीपायरीने, डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे, निदान एक-दोन आठवड्यांत, आणि दीर्घकाळ मोठा डोस घेणाऱ्यांत बहुधा त्याहूनही सावकाश करायचं असतं.

आता तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींकडे परत येते. तुम्ही त्या सहज लिहिल्या आहेत, पण मला त्या सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, वेळ. दुपारची गोळी दोनला आणि शिकवणी चारला. बॅक्लोफेन तोंडाने घेतल्यावर साधारण एक ते तीन तासांत रक्तात सर्वांत जास्त असतं. तीन-चार तासांत त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणजे यजमान मुलांसमोर बसतात तेव्हा औषध ऐन भरात असतं. त्यांच्या त्रासाची उबळ तर रात्रीची आहे. मग दिवसभरात सारखे तीन भाग कशासाठी? रात्रीचा भाग मोठा ठेवून दुपारचा लहान करता येईल का, किंवा दुपारची गोळी शिकवणीनंतर घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. एकूण मात्रा तीच ठेवूनही पुष्कळदा डोकं मोकळं होतं. स्वतःच्या मनाने मात्र फेरफार करू नका, पण हा प्रश्न घेऊन जायला काहीच हरकत नाही. दिवसाकाठी अमुक मिलिग्रॅम एवढंच चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. ते कोणत्या तासाला घ्यायचं हे माणसाच्या दिवसावरून ठरवावं, आणि तो दिवस कसा जातो हे डॉक्टरांना तुमच्याशिवाय कोण सांगणार?

दुसरी, उभं राहणं. 40 वर ते वॉकर धरून उभे राहत होते, 60 वर गुडघे मोडतात. पाय जितके सैल तितकं चांगलं असं आपण धरून चालतो. पण ज्यांच्या पायांत मुळात ताकद कमी आहे, ते पुष्कळदा त्या ताठरपणावरच उभे राहतात. गुडघा आपोआप कडक होतो आणि तोच टेकू ठरतो. पलंगावरून खुर्चीत सरकताना हाच कडकपणा क्षणभर वजन पेलतो. औषधाने तो काढून घेतला की आत लपलेला अशक्तपणा उघडा पडतो. म्हणून उपचाराचं माप 'उबळ किती कमी झाली' एवढंच ठेवू नये. काय करता येतंय आणि काय करता येईनासं झालंय हे मोजलं पाहिजे. तुमच्या यजमानांनी स्वतः सांगायचं आहे की त्यांना शांत रात्र हवी, उभं राहणं हवं की सलग तासभर शिकवणं. तिन्ही पूर्ण मिळतील असं नाही, पण कशाला आधी जागा द्यायची हे ठरवण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे. माझा कल विचाराल तर मी शिकवण्याच्या बाजूने झुकेन, कारण त्यांचं त्यांच्या जुन्या आयुष्याशी असलेलं नातं तिथे आहे. पण हे मत माझं, निर्णय त्यांचा.

40 वरून 60 वर जायची वेळ का आली, हेही शोधायला हवं. मज्जारज्जूची दुखापत झालेल्या माणसाला कमरेखालची दुखणी नीट जाणवत नाहीत, पण त्याचा मज्जारज्जू ती ओळखतो आणि ताठरपणा वाढवून उत्तर देतो. लघवीचा संसर्ग, मूतखडा, बद्धकोष्ठता, माकडहाडावर सुरू झालेली बेडसोअर, बोटात रुतलेलं नख, घट्ट पट्टा किंवा बूट, यांतलं काहीही उबळ भडकवू शकतं. मूळ कारण शोधून दूर केलं तर वाढवलेला डोस पुन्हा खाली आणता येतो. रोज संध्याकाळी अंथरुणावर पाठ आणि टाचा बघून घ्या. फिजिओथेरपीचं ताणण्याचं काम रोज होतंय का हेही तपासा. गोळीने पाय सैल झाले की व्यायाम सुटतो, असं मी पुष्कळ घरांत पाहते.

किडनीची तपासणी कधी झाली होती, ते पत्रात नाही. बॅक्लोफेनचा मोठा भाग, सुमारे 70 ते 80 टक्के, जसाच्या तसा लघवीवाटे बाहेर पडतो. किडनी मंद असेल तर नेहमीचाच डोस अंगात साठत जातो आणि गुंगी, गोंधळ, अगदी बेशुद्धीपर्यंत मजल जाते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात किडनीचा जुना आजार असलेल्या वयस्कर रुग्णांचा मोठा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. बॅक्लोफेन सुरू केल्यावर महिनाभरात मेंदूवरच्या परिणामामुळे इस्पितळात दाखल व्हावं लागलेल्यांचं प्रमाण रोज 20 मिलिग्रॅम किंवा जास्त घेणाऱ्यांत 1.11 टक्के होतं, कमी घेणाऱ्यांत 0.42 टक्के. तुमचे यजमान त्या वयाचे नसले तरी मूत्राशयाच्या तक्रारी असलेल्यांत किडनीवर लक्ष ठेवावंच लागतं. क्रिएटिनिनची साधी रक्ततपासणी मागून घ्या.

सोबतच्या गोळ्यांची यादीही करा. झोपेची गोळी, सर्दी-खाजेवरची गुंगी आणणारी गोळी, नसांच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन किंवा प्रेगाबालिन, तीव्र वेदनाशामक, आणि दारू. यांतलं प्रत्येक मेंदूला आपल्या वाटेने शांत करतं आणि सगळ्यांची बेरीज होते. बऱ्याचदा बॅक्लोफेनवर आळ येतो आणि खरा वाटा शेजारच्या गोळीचा असतो.

'मग फक्त स्नायूवर चालेल असं औषध द्या,' असं यजमान म्हणतील. असं औषध आहे. डँट्रोलीन थेट स्नायूच्या आत कॅल्शियम सुटणं रोखतं. त्याने गुंगी तुलनेने कमी येते, पण सगळेच स्नायू अशक्त होतात आणि यकृताला इजा होण्याचा धोका असतो. उभं राहण्यासाठी झगडणाऱ्या माणसाला तो सौदा महागात पडू शकतो. टिझानिडीन वेगळ्या रिसेप्टरवर चालतं, पण तेही झोप आणतं आणि रक्तदाब उतरवतं. डायझेपाम गाबाच्याच दुसऱ्या, 'ए' प्रकारच्या रिसेप्टरवर चालतं आणि त्याचीही सवय लागते. एक-दोन ठरावीक स्नायूच त्रास देत असतील तर बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन हा चांगला पर्याय आहे. त्याचा परिणाम त्या स्नायूपुरता राहतो आणि साधारण तीन महिने टिकतो. दोन्ही पाय पूर्ण ताठ असतील आणि गोळ्या सोसत नसतील, तर पोटाच्या त्वचेखाली पंप बसवून नळीने बॅक्लोफेन थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडतात. तिथे मिलिग्रॅम नव्हे, मायक्रोग्रॅम पुरतात, म्हणून मेंदूवरचा भार खूप हलका होतो. पण पंप वेळेवर भरून घ्यावा लागतो. तो रिकामा पडला किंवा नळी निसटली तर औषध तुटण्याचा धोका गोळ्यांपेक्षाही गंभीर असतो. सध्याच्या घडीला मी आधी वेळ आणि मात्रा बदलून बघायला सांगेन. पंपाचा विचार त्यानंतर.

आता जेवणात मिसळून देण्याबद्दल. तुम्ही थकला आहात, ती रात्र तुम्ही एकटीने काढलीत, आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून हा मार्ग सुचला, हे मला कळतं. पण त्यात सरळ धोका आहे. त्यांना माहीत नसताना तुम्ही दिलं आणि एखाद्या दिवशी त्यांनी स्वतःहूनही घेतलं, तर मात्रा दुप्पट होईल. ताट अर्धं राहिलं तर अर्धी गोळी जाईल. डॉक्टर विचारतील तेव्हा ते 'घेत नाही' सांगतील आणि पुढची चिठ्ठी चुकीच्या माहितीवर लिहिली जाईल. आणि एक दिवस कळेलच. ज्यांचं अर्धं शरीर दुसऱ्याच्या हातांवर अवलंबून आहे, त्यांना जेवणावरही विश्वास ठेवता येऊ नये, ही फार मोठी किंमत आहे. ते शुद्धीत आहेत, विचार करू शकतात, गणित शिकवतात. त्यांना संपूर्ण माहिती द्या. हे उत्तरच त्यांच्या हातात ठेवा.

भेटीच्या आधी आठवडाभर एक वही करा, आणि ती त्यांनाच लिहू द्या. गोळी किती वाजता घेतली, झापड कधी आली, उबळ कधी आणि किती वेळ, उभं राहता आलं का, शिकवताना किती वेळा अडले. गणिताच्या माणसाला आकडे मांडण्यात रस वाटेल आणि डॉक्टरांना 'जरा गुंगी येते' यापेक्षा त्या पानातून खूप जास्त कळेल.

ज्या घरांत बॅक्लोफेन चालू आहे त्या सगळ्यांनीच काही गोष्टी पाळाव्यात. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी नव्या आणून ठेवा. प्रवासात त्या जवळच्या पिशवीत असू द्या. उलट्या होत असतील, उपाशी राहावं लागणार असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर 'हे औषध एकदम तोडता येत नाही' हे डॉक्टरांना आपणहून सांगा. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका. दोन-तीन दिवस सलग चुकल्या असतील तर कुठून सुरुवात करायची ते विचारूनच सुरू करा. आणि भास, ताप, फिट, जागं करूनही न उठणं किंवा श्वास मंदावणं, यांतलं काहीही दिसलं तर घरी वाट बघू नका, थेट इस्पितळात जा. जाताना औषधाची पट्टी बरोबर न्या, कारण औषध जास्त झालं की तुटलं हे बाहेरून ओळखणं कठीण असतं आणि दोन्हींवरचे उपचार वेगळे आहेत.

किडनीचा अहवाल आणि त्या वहीची पानं हातात आली की मला पुन्हा लिहा. यजमानांना स्वतः काही विचारायचं असेल, तर त्यांनीच लिहिलं तरी चालेल.